बोटाशिवाय दाबलेलं बटन

कालिचा घाटाखालच्या, रस्त्यावरचं बर्फ हटवणाऱ्यांच्या ठाण्यात शिरली तेव्हा भिंतीवरचा मोठा वायरलेस सेट, टेबलावरचे हातातले सेट आणि दाराशी उभ्या माणसांच्या कोटातले सेट, सगळे एकाच सुरात घरघरत होते. कुणी बोलत नव्हतं. बोलता येतच नव्हतं. घाटातल्या सगळ्या माणसांना बोलायला लहर एकच, आणि ती कुणीतरी धरून ठेवली होती.

"तो उलार आहे, आपा," तिची सून बेगायिम म्हणाली; नवऱ्यासारखीच तीही सासूला आपा, म्हणजे आई, म्हणायची. डोक्यावरचा रुमाल सुटून तिच्या खांद्यावर आला होता. "बटन दाबून धरलंय त्यानं. जिवंत आहे. हाक मारतोय आपल्याला."

कालिचानं हातमोजे काढले, अवजारांची पत्र्याची पेटी टेबलावर ठेवली आणि ठाणेप्रमुखाकडे पाहिलं.

शामिर्काननं जेवढ्यास तेवढं सांगितलं. अकरा वीसला वरच्या घळीतून हिमलोट आला. उलारचा बुलडोझर रस्त्याकडेला फेकला गेला. माणसं पोचली तर दार उघडं आणि आत कुणी नाही. पात्यात काय अडकलं ते बघायला तो खाली उतरला असणार, आणि तेवढ्यात वरून आलं. आता अकराजण लांब सळया खुपसत फिरताहेत. पण पडलेलं बर्फ केवढं, तर गावच्या घोड्यांच्या मैदानाएवढं. आणि घळीतलं अर्धं बर्फ अजून वर तसंच लटकलेलं.

"सव्वा वाजता त्या उतारावर ऊन येतं," तो म्हणाला. "ऊन आलं की उरलेलं सुटणार. खरं तर मी माणसं कधीच मागे घ्यायला हवी होती, एजे. पण हा आवाज..." कालिचाला मोठ्या बहिणीच्या मानानं एजे म्हणणाऱ्या शामिर्काननं भिंतीवरच्या सेटकडे हात केला. "हा आवाज चालू असताना माझ्या तोंडातून 'परत या' निघत नाही. तू सांग. हे त्याचं बोट आहे का?"

घड्याळात बाराला दहा कमी होते.

उलार तिचा एकुलता एक. चौतीस वर्षांचा बाप्या, पण जेवायला बसला की अजून तिच्याच ताटातला कांदा उचलायचा. तो बर्फाखाली आहे हे तिला वाटेतच कळलं होतं. जीप चालवणाऱ्यानं सांगितलं होतं. तेव्हा ती रडली नव्हती. पण ठाण्यात पाऊल टाकताच तो आवाज कानी पडला. तो तिच्या ओळखीचा होता.

मागच्या शरदात दोन सेट एकाच दिवशी तिच्याकडे आले होते, एक शामिर्कानचा, एक उलारचा. दोघांचं दुखणं एकच, बोलायचं बटन झिजलेलं. तरुणपणी राजधानीतल्या रेडिओच्या कारखान्यात अकरा वर्षं ती हेच काम करत होती. असलं बटन तिला लांबूनही ओळखू येई. धडधाकट बटन दाबलं की चालतं, सोडलं की थांबतं. झिजलेल्याचं तसं नसतं. आतली पितळी पाकळी घासून घासून तिची बारीक भुकटी होते, ती भुकटी दोन टोकांच्या मधे पसरते, आणि तिला जरा ओल लागली की बोट नसतानाही करंट हळूच पलीकडे पाझरतो. तिनं दोन्ही सेट उघडून मीटरची टोकं लावली होती, आणि बटनावर नुसता श्वास सोडला होता. दोन्हीकडे काटा हलला होता.

नवं बटन मात्र तिच्याकडे एकच होतं. ते तिनं शामिर्कानच्या सेटला लावलं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. घरात मांस शिजलं की पहिला तुकडा बाहेरच्याला, आपल्या माणसाला मागून. तिच्या दुरुस्तीच्या दुकानातही तेच. मुलाच्या सेटचं बटन तिनं स्पिरिट सोडून धुतलं, पन्नासेक वेळा दाबलं, चुलीजवळ वाळवलं. "वसंतात नवं घालीन," म्हणाली. तो हसला होता. "म्हणजे मी फुकटचं गिऱ्हाईक, नाही का, आपा?"

स्पिरिटनं धुतलेलं बटन महिना-दोन महिने चांगलं वागतं. भुकटी जात नाही, नुसती बाजूला सरते. हे तिला माहीत होतं. त्या दिवशीही माहीत होतं.

"गप्प बसा सगळे," ती म्हणाली. "मला ऐकू द्या."

तिनं घड्याळ समोर ठेवलं. घरघर चालू होती. मग चिरचिरली, दोनतीनदा तुटली आणि बंद पडली. लगेच खोलीतले चौघेही आपापल्या सेटवर ओरडू लागले. "उलार! उलार, ऐकू येतंय का?" बेगायिमनं तर सेट ओठांना चिकटवला होता. मिनिटभरात पुन्हा चिरचिर झाली, घरघर सुरू झाली, आणि सगळ्यांचे आवाज तिच्याखाली बुडाले.

"बघा! बोलला!" बेगायिम म्हणाली. "आपण हाक मारली की तो दाबतो. मला श्वाससुद्धा ऐकू येतोय."

कालिचानं कान लावला. श्वास नव्हता. माईकच्या भोकात बर्फ भरलं असणार. होती ती सेटची स्वतःचीच खरखर.

"पुढच्या वेळी कुणी तोंड उघडायचं नाही," ती म्हणाली. "मी एकटी बोलणार."

तीन मिनिटांनी घरघर चिरचिरून थांबली. तिनं बटन दाबलं. "उलार, मी आपा. ऐकू येत असेल तर बोलू नकोस. बटन तीनदा दाब. लगेच. एक, दोन, तीन."

टेबलावरच्या ताटलीतले कणकेचे तळलेले बोरसोक कुणाच्या तरी कोपरानं खाली सांडले, ते कुणी उचललेही नाहीत. काटा फिरत राहिला. एक मिनिट आणि वर दहा सेकंद झाली, आणि तीच चिरचिर, तीच घरघर. तीनदा दाबणं नाही की काही नाही.

तिनं आणखी एक फेरी ऐकली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तीन मिनिटांच्या आसपास धरायचं, मग सोडायचं, मग धरायचं. माणसाचं बोट असं घड्याळ लावून चालत नाही. घाबरलेल्या माणसाचं तर मुळीच नाही. सेट बोलू लागला की आतून तापतो, तापला की ओल सुकते, सुकली की बटन सुटतं. थंड झाला की पुन्हा ओल धरतं, की पुन्हा लागतं. उलारचा यात काही हात नव्हता.

'बोट आहे' म्हटलं तर अकरा माणसं त्या लटकलेल्या बर्फाखाली खणत राहणार होती. त्यांतल्या सात जणांच्या आया तिच्या ओळखीच्या होत्या. 'बोट नाही' म्हटलं तर तिच्या मुलाला कुणी शोधणार नव्हतं. आणि दोन्हीतलं खरं काय ते या खोलीत तिला एकटीला माहीत होतं. खोटं बोलली असती तर कुणी पकडणार नव्हतं.

"बोट नाही," ती म्हणाली. "बटन झिजलंय. ओलीनं आपलं आपण लागतंय."

शामिर्काननं डोळे मिटून घेतले.

"तुम्हाला कसं ठाऊक?" बेगायिमनं विचारलं.

"कारण ते बटन मीच तसं ठेवलं. नवं एकच होतं, ते शामिर्कानच्या सेटला लावलं."

बेगायिमचा आवाज अगदी खाली आला. "गावभरचे टीव्ही दुरुस्त करता. प्रमुखाला नवं बटन देता. आणि आपल्या पोराला सडकं? वर आता म्हणता तो मेलाय?"

"मेलाय असं मी म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंत?"

शामिर्काननं टोपी चढवली, खुंटीवरची शिट्टी घेतली. सेटवर बोलता येत नव्हतं म्हणून माणसांना परत बोलवायला शिट्टीच उरली होती. दार उघडल्याबरोबर बाहेरची थंडी आत घुसली. दाराजवळच्या थर्मामीटरचा पारा उणे अठरावर होता.

तो आकडा तिच्या डोळ्यांना दिसला आणि डोक्यात अडकून बसला.

उणे अठरा. मग ओल कुठून येतेय?

उणे अठरातलं बर्फ पिठासारखं कोरडं असतं. झटकलं की झडतं, भिजवत नाही. सेट एकदा तापून आतली ओल सुकली की ती परत यायला नको. आणि आली तरी गोठायला हवी. गोठलेल्या ओलीतून करंट पाझरत नाही. हिवाळ्यात बाहेर राहिलेल्या सेटमधे हे तिनं कितीदा तरी पाहिलं होतं. अंगणात मुकाट पडलेले सेट घरात चुलीपाशी आणले की मग खोड्या करायला लागायचे.

"थांब!" ती ओरडली. "शिट्टी वाजवू नकोस!"

पेटीच्या तळाशी चहाचा जुना डबा होता. काढून टाकलेली झिजकी बटनं ती त्यात ठेवायची. एक काढलं, मीटरच्या तारा त्याला गुंडाळल्या आणि तशीच डोकं न झाकता उंबऱ्याबाहेर जाऊन बर्फात गुडघे टेकले. बटनावर श्वास सोडला. काटा वर चढला. मग बटन बर्फात पुरलं.

"एजे, काय चाललंय?" शामिर्कान म्हणाला. "माझी माणसं तिकडे..."

"काट्याकडे बघ. दोन मिनिटं दे."

दोन मिनिटंही लागली नाहीत. काटा डगमगला, खाली खाली आला आणि शून्यावर जाऊन पडला. ती वाट बघत राहिली. तो पुन्हा उठला नाही. तिनं बटन उकरून काढलं, मुठीत धरलं, वरून श्वास सोडला. काटा उठला.

"तो सेट कुठे ठेवतो?" तिनं बेगायिमला विचारलं. "खरं सांग. पट्ट्याला की आत?"

"आत. कोटाच्या आत, छातीशी. बॅटरी गारठू नये म्हणून. सगळेच तसं ठेवतात. मी नमद्याची, जाड दाबलेल्या लोकरीची पिशवी शिवून दिलीय."

"नमदा ओल धरतो," कालिचा म्हणाली. तिचे दात वाजत होते. "शामिर्कान, नीट ऐक. मघाशी मी माझ्या मुलाच्या विरुद्ध बोलले, ते तू मानलंस. आता हेही मान. ते बटन अजून ओलं होतंय. दर फेरीला सुकतं आणि पुन्हा ओलं होतं. कुणीतरी त्याच्यावर ऊब टाकतंय. छातीची, श्वासाची. तिथं प्रेत असतं तर एवढ्यात गारठून गप्प झालं असतं."

"पंचेचाळीस मिनिटंच झालीत, एजे. प्रेतसुद्धा इतक्यात गार होत नाही."

"प्रेत श्वास सोडत नाही. नुसत्या उबेनं सुकलं असतं, ओलं झालं नसतं."

शामिर्काननं उताराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो पंचवीस वर्षं या घाटात होता आणि त्यानं सहा माणसं बर्फातून मेलेली काढली होती. "तुझं चुकलं तर?"

"तर अकरा घरांत जाऊन मी सांगेन की माझ्यामुळे झालं. तोंड लपवणार नाही."

आतून बेगायिमनं हाक मारली. "आपा, आवाज गेला होता तो परत आलाय! पण या वेळी सव्वादोन मिनिटं लागली!"

मघा एक मिनिट दहा सेकंद होतं. आता सव्वादोन. श्वास कमी पडत चालला होता. कालिचानं हे कुणाला समजावून सांगितलं नाही. गरजही नव्हती; सगळ्यांचे चेहरे बदलले होते.

"एक वाजेपर्यंत," शामिर्कान म्हणाला. "एक मिनिटही जास्त नाही. पण शोधायचा कुठे? मैदानाएवढं आहे ते."

तिनं टेबलावरचे दोन सेट उचलले आणि दोघांचे एरियल पिळून काढून टाकले. एक त्याच्या हातात दिला, एक स्वतःकडे ठेवला. "असा सेट बहिरा असतो. लांबचं ऐकत नाही, जवळचंच ऐकतो. जिथं घरघर ऐकू येईल तिथं तो आहे. जिथं सगळ्यात मोठी, तिथं खण. चल."

वर पोचायला सात मिनिटं लागली. सळईवाल्यांत सगळ्यात वयस्क तुर्दुबाय होता. तो तिला बघून म्हणाला, "काय गं, रेडिओ विकायला आलीस का?" आणि मग तिचं तोंड बघून त्याचं हसू मावळलं.

तिला चालवत नव्हतं. ढेकळं कमरेएवढी, मधे मधे पाय मांडीपर्यंत आत जायचा. हातातला सेट मुका होता. बुलडोझरपासून ती खाली खाली गेली, शामिर्कान वरच्या बाजूनं. मुका. मुका. मग एका ढेकळापाशी अगदी बारीक, माशी गुणगुणावी तशी घरघर आली. तिनं हात वर केला. दोन पावलं डावीकडे गेली तर वाढली. तिथून खाली गेली तर कमी झाली. ती परत फिरली, आणि तेवढ्यात चिरचिर झाली नि सेट गप्प झाला.

"कुठे?" तुर्दुबायनं विचारलं.

"थांब. येईल परत."

सगळे थांबले. अकराजण, सळया हातात धरून, वर न बघण्याचा प्रयत्न करत. दोन मिनिटं गेली. तीन. वरच्या उताराच्या टोकाला उन्हाची पिवळी रेघ दिसू लागली होती. चार मिनिटं. एक तरुण पुटपुटला, "आम्हालाही घरी आया आहेत." कुणी त्याला गप्प केलं नाही. त्याचं खोटंही नव्हतं.

पाचवं मिनिट सरलं. कालिचाच्या ओठांवर शब्द नव्हते, पण ती आतून त्या बटनाला विनवत होती. ज्या बटनाची तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती त्यालाच. लाग. एकदा लाग. कसंही लाग.

"एजे," शामिर्कान हलक्या आवाजात म्हणाला. "एकला चार कमी आहेत."

चिर्र, असं झालं. मग तुटलं. मग पुन्हा चिर्र, आणि घरघर आली. ती दोन्ही गुडघ्यांवर पडली आणि सेट बर्फाला टेकवून रांगत सुटली. इथं मोठी. इथं लहान. इथं मोठी. इथं कान फाटतील अशी. आवाज मोजून पंधरा सेकंद टिकला आणि गेला.

"इथं!" तिनं आपला हात कोपरापर्यंत बर्फात खुपसला. "इथं, इथं!"

चार सळया एकदम उतरल्या. तिसरी दीड मीटरवर मऊ कशाला तरी लागली.

फावडी चालली तेव्हा कुणीही घड्याळ पाहिलं नाही, शामिर्काननंही नाही. आधी पाठ दिसली, मेंढीच्या कातड्याचा कोट. तो पालथा होता, एक हात अंगाखाली मुडपलेला, दुसरा मागे पिरगळलेला; दोन्ही हात बटनापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. तोंडासमोर वाडग्याएवढी पोकळी होती, तिच्या भिंती श्वासानं काचेसारख्या झाल्या होत्या. ओठ जांभळे. तुर्दुबायनं त्याच्या नाकाशी स्वतःचा गाल नेला आणि तिथंच थांबला. फार वेळ थांबला.

"आहे," तो म्हणाला. "थोडा आहे. पण आहे."

पट्ट्यांच्या झोळीत घालून त्याला खाली आणलं. एक वाजून अठरा मिनिटं झाली होती, ऊन उतारावर पूर्ण पसरलं होतं आणि तेरा माणसं तोंडातून चकार शब्द न काढता घसरत, पडत, एकमेकांना धरत चालली होती. त्या दिवशी तो उतार सुटला नाही. दोन दिवसांनी पहाटे सुटला, रस्त्यावर कुणी नसताना.

जीपमधे उलारला आडवा घातला. पाय मोडलेला होता, डोळे उघडत नव्हता, पण पोट वरखाली होत होतं. बेगायिम त्याची पावलं आपल्या पोटाशी झग्याच्या आत घेऊन बसली. तुर्दुबायनं दार धरलं होतं. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. "बरं झालं, कालिचा," तो म्हणाला. "तू नवं बटन घातलं असतंस, तर आज आम्हाला..."

"असं पुन्हा बोलू नकोस," कालिचा म्हणाली. "मी त्याला सडकं बटन दिलं. एवढंच झालंय."

तुर्दुबाय दारातून बाजूला झाला.

ती जीपच्या बाहेर उभी होती, चढावं की नाही ते न कळून. बेगायिमनं तिच्याकडे पाहिलं नाही. नवऱ्याच्या पोटरीवर हात घासत ती म्हणाली, "मी हे विसरणार नाही, आपा."

"विसरू नकोस."

"चढा," बेगायिम म्हणाली. "त्याचं डोकं धरायला कुणीतरी हवं."

कालिचा चढली आणि तिनं मुलाचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचे केस ओले होते. जीप सुरू झाली तेव्हा ती त्याच्या तोंडाशी उघडा तळवा धरून बसली, आणि दवाखाना येईपर्यंत तो हात तिनं काढला नाही.